दांडी मारलेला पोरगा असतो कुठे?

दर महिन्याच्या शेवटी आमच्या स्टाफरूममध्ये डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे हजेरी कमी पडलेल्या पोरांची यादी, निघते आणि ती निघाली की चहाबरोबर तेच ते सुरू होतं, आजकालच्या पोरांना गरजच राहिलेली नाही, मोबाईलने वाट लावली, आईबापांचं लक्ष नाही, आमच्या वेळी असं नव्हतं. मी तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, म्हणजेच स्टाफरूममध्ये माझं मत कोणी विचारत नाही, म्हणून इथे लिहितेय. आयटीआय मुंबईतलीच आहे, सेंट्रल लाइनवर, नाव नको.

विषय माझा एम्प्लॉयबिलिटी स्किल्स. ज्यांनी आयटीआय केलीय त्यांना इथेच हसू आलं असेल. पोरं फिटरला येतात, इलेक्ट्रिशियनला येतात, एसीला येतात, एम्प्लॉयबिलिटीला जगात कोणी येत नाही. बायोडेटा कसा लिहायचा, इंटरव्ह्यूला काय बोलायचं, ईमेल, थोडं इंग्लिश, असलं सगळं, आणि टाइमटेबलमध्ये तो तास कुठे तर शेवटी. ज्याचा मित्र अजून वर्कशॉपमध्ये अडकलाय आणि दोघांना एकत्र ट्रेन पकडायची आहे तो माझ्या वर्गात बसतो. तेव्हा गैरहजेरी या विषयावर बोलायचा हक्क कोणाला असेल तर मला आहे असं मी समजते.

आधी नियम काय ते सांगून टाकते. आयटीआयची ऑल इंडिया ट्रेड टेस्ट, म्हणजे सर्टिफिकेटची परीक्षा, द्यायची तर ८० टक्के हजेरी लागते, आणि सलग १० दिवस न कळवता गायब राहिलं की नाव कापतात. पॉलिटेक्निकवाल्यांना ७५ टक्के. आता कोणाला वाटेल पोरांना नियम माहीत नसतील, तर तसं अजिबात नाहीये. वर्कशॉप कॅल्क्युलेशनमध्ये ज्याला टक्केवारीची गणितं जमत नाहीत तोच पोरगा, आपल्या अजून किती दांड्या शिल्लक आहेत ते तोंडावर फेकतो, आणि बरोबर असतं ते! दहाव्या दिवशी नाव कापणार म्हटल्यावर नवव्या दिवशी हजर, सही करून परत गायब. एवढी प्लॅनिंग करणाऱ्या पोराला आळशी कसं म्हणायचं?

मी पूर्वी विचारायचे, काल का नाही आलास. याला तयार उत्तरं असतात, ताप होता मॅडम, गावाला गेलेलो, पोटात दुखत होतं. मग एकदा सहज तोंडातून निघालं, काल कुठे होतास रे, आणि पोराने पटकन खरं सांगितलं, पवईला. तेव्हापासून मी का विचारणंच सोडलंय, कुठे एवढंच विचारते. का विचारलं की त्यांना वाटतं आता बोलणी खायची आहेत, कुठे विचारलं की सांगतात बिचारे. आणि सांगतात ते ऐकून डोकं चक्रावतं. दादरला लग्नाच्या हॉलमध्ये वाढपी. काकाच्या टेम्पोवर हेल्पर, भिवंडीच्या गोडाऊनला. आईला घेऊन सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत, पहाटेपासून केसपेपरच्या लाईनीत, कारण बापाचा खाडा पडला तर रोज बुडतो, पोराचा पडला तर नुसती हजेरी बुडते, मग घरातून कोणाला पाठवणार? धाकट्या भावाच्या ॲडमिशनसाठी दाखला काढायला. रात्रभर डार्क स्टोअरमध्ये, म्हणजे ऑनलाइन मागवलेला माल जिथून निघतो त्या गोडाऊनला, ऑर्डरी पॅक करून सकाळी झोपलेला. कट्ट्यावर बसलेले, पिक्चरला गेलेले पण आहेत, नाही असं नाही, सतरा-अठराचं वय आहे, ते नसते तर मलाच काळजी वाटली असती. पण लिस्टमधले बरेचसे कुठेतरी उभं राहून काम करत असतात.

तर पवई. हा पोरगा रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंगचा, सगळे नुसतं एसी ट्रेड म्हणतात, ट्रेड म्हणजे आयटीआयचा कोर्स. या ट्रेडचं एक असं आहे की मार्च लागला की वर्ग ओसरायला लागतो आणि मेपर्यंत निम्मा सुद्धा दिसत नाही. कारण उघड आहे, मुंबईत उकाडा वाढला की सगळ्यांना एकदम आठवतं आपल्या एसीची सर्व्हिसिंग राहिलीय, आणि प्रत्येक एसीवाल्याला हाताखाली पोरगा लागतो. घरं तीन-चार करायची दिवसाला, हा इनडोअरला खालून प्लास्टिकची बॅग बांधणार, फिल्टर धुणार, जेट पंपाने कॉइल मारणार, आणि मग खिडकीतून बाहेर निघून छज्जावर नाहीतर ग्रिलवर उभा राहून आउटडोअर धुणार. उस्ताद आत, याचा पाय बाहेर. मी म्हटलं, बेल्ट वगैरे काही लावता का रे? म्हणाला, दोरी असते मॅडम. कमरेला? नाही, पाइपाला. म्हणजे जेट पंपाचा पाइप खाली पडू नये म्हणून दोरी! मी म्हटलं पडशील कधीतरी, तर म्हणे खाली बघायचं नाही.

दिवसाचे त्याला सहाशे मिळतात, आणि कस्टमरने वरती काही हातावर टेकवलं तर ते वेगळे. आता सरकार या पोरांना विद्यावेतन देतं ते बघा. कित्येक वर्षं ते महिन्याला ४० रुपये होतं, चाळीस, मला आधी वाटलं टायपिंग मिस्टेक आहे. मध्ये वाढवून ५०० केलं, चांगलंच केलं, पण ५०० महिन्याचे, आणि तेही सगळ्यांना नाही, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना. एका बाजूला महिन्याचे पाचशे आणि दुसऱ्या बाजूला दिवसाचे सहाशे, यात पोराने वर्गात येऊन बसावं अशी अपेक्षा करायची आणि नाही आला की गरज नाही म्हणायचं. अहो गरज आहे म्हणूनच तर येत नाहीये तो.

पण मला इथे थांबायचं नाहीये, कारण पोरं बिचारी गरीब, कष्ट करतात, असं म्हणून डोळे पुसले की झालं असं पण होतं आपल्याकडे. माझं म्हणणं वेगळं आहे. हा पोरगा बाहेर जे शिकतो ते खरं आहे आणि अर्धवट आहे, दोन्ही एकदम.

आमचे एसीचे निदेशक सर आहेत, त्यांनी मला एक दिवस वर्कशॉपमध्ये उभं करून दाखवलं म्हणून मला हे कळलं, नाहीतर माझा काय संबंध. नवीन एसी बसवताना कॉपर पाइप जोडला की आतली हवा काढावी लागते. वर्कशॉपमध्ये शिकवतात तसं करायचं तर व्हॅक्यूम पंप लावायचा, गेजवर काटा बघायचा, थोडा वेळ तसंच ठेवून काटा परत चढतो का बघायचं, चढला तर कुठेतरी लीक आहे. बाहेरचा उस्ताद काय करतो, नट जरा ढिला करतो, एसीतलाच गॅस फुस्स करून सोडतो, हवा गेली असं म्हणतो आणि नट आवळतो. दोन मिनिटांत काम. एसी चालू होतो, गार हवा येते, कस्टमर खूश. पण पाइपात जी दमट हवा राहते, आणि मुंबईची हवा म्हणजे काय सांगायलाच नको, ती आत ऑइलबरोबर मिळून ॲसिड बनवते आणि कधीतरी कॉम्प्रेसर जातो. तोपर्यंत उस्ताद कुठे आणि कस्टमर कुठे, शिव्या कंपनीला.

आणि दुसरं त्याहून डेंजर. जुन्या एसींमध्ये आर-२२ गॅस असायचा, तो पेट घेत नाही, म्हणून जुन्या उस्तादांचे हात तसेच बिनधास्त झालेत. तो गॅस ओझोनच्या भानगडीत आता बंद होत चाललाय, आपल्याकडे २०३० पर्यंत संपवायचा आहे. नव्या एसींमध्ये बहुतेक आर-३२ येतो आणि तो थोडा का होईना पेट घेणारा आहे. म्हणजे लाइनमध्ये गॅस असताना, खोली बंद असताना फ्लेमची टॉर्च पेटवून ब्रेझिंगला, म्हणजे पाइपाला जोड मारायला, बसायचं नाही, आधी गॅस काढून घ्यायचा, नायट्रोजन सोडायचा, हवा खेळती ठेवायची. हे कुठे शिकवतात तर वर्गात, आणि ते शिकवतात त्याच वेळी हा पवईला छज्जावर. सरांनी मला दाखवलं ते बघायला त्या दिवशी वर्गात चार डोकी होती, पाचवी मी.

मी त्या पोराला विचारलं, आर-३२ पेट घेतो माहितीय? म्हणाला हो मॅडम, उस्ताद बोलतो कंपनीवाले घाबरवतात. आता बोला.

म्हणून मला ते सगळं बाहेर शिकतात, आयटीआयची गरजच काय, असं म्हणणारे पण पटत नाहीत. हाताला वळण बाहेर लागतं हे खरं. आमच्याकडे एका मशीनमागे पोरांची जी गर्दी असते त्यात प्रत्येकाच्या वाट्याला मशीन येईपर्यंत दुपार होते. फिटरच्या पोरांचं तर विचारू नका. पहिले कित्येक आठवडे व्हाइसच्या शिकंज्यात लोखंडाची पट्टी पकडायची आणि कानस मारत राहायची, काटकोन ट्राय स्क्वेअरने बघायचा, फटीतून उजेड दिसला की परत मार. ते का करतात मला आधी कळायचं नाही, नंतर एका सरांनी सांगितलं की हात सरळ चालायला लागला की पुढचं सगळं सोपं जातं, पटलं मला. पण हे पोराला कोणी सांगतच नाही ना. त्याला एवढंच दिसतं की आपण यूट्यूबवर रोबोट बघून आलो आणि हे आपल्याला पट्टी घासायला लावतायत. त्यात पट्टीचं मटेरियल संपलं की तेही नाही, मग बसा. निदेशकाची जागा रिकामी असली की शेजारच्या ट्रेडचे सर दोन्ही वर्ग सांभाळतात, सांभाळतात म्हणजे मस्टर सांभाळतात. अशा दिवशी जो पोरगा दोन तास लोकलला लटकून आला आणि नुसता बसून गेला तो दुसऱ्या दिवशी येईल का? मी नसते आले.

शिवाय ट्रेड मनासारखा मिळालेला नसतो. ॲडमिशन ऑनलाइन, राउंडने होतात, सगळ्यांना इलेक्ट्रिशियन नाहीतर वायरमन पाहिजे असतो, मार्क कमी पडले की जे येईल ते घ्या, पुढच्या राउंडला जागा राहील की नाही भरवसा नाही. मग टर्नरला असा पोरगा येतो ज्याने लेथ मशीन जन्मात बघितलेलं नसतं आणि बघायची इच्छा पण नसते. हा सुरुवातीपासूनच अर्धा बाहेर असतो. काहींनी तर बाजूला बारावीचा फॉर्म पण भरलेला असतो.

आता ते आमच्या वेळी असं नव्हतं. हे बोलणारे सर रिटायरमेंटला आलेत, माणूस चांगला, आणि खोटं बोलत नाहीयेत ते. त्यांच्या वेळी खरंच पोरं यायची. पण त्यांच्या वेळी आयटीआयच्या पलीकडे काय होतं ते बघा ना. ही क्राफ्ट्समन ट्रेनिंगची योजना १९५० ची, कारखान्यांना माणसं लागत होती म्हणून सुरू झालेली. मुंबईत तेव्हा आणि नंतर कितीतरी वर्षं फिटरचं सर्टिफिकेट हातात पडलं की समोर यादीच होती, माझगाव डॉक, परळ-माटुंग्याची रेल्वे वर्कशॉप, बेस्ट, विक्रोळीला गोदरेज, कुर्ल्याला प्रीमियर, कांदिवलीला महिंद्रा, आणि गिरण्या होत्याच. पोराला शेजारच्या चाळीत दिसायचं की अमक्याचा मुलगा आयटीआय करून डॉकमध्ये लागला, आता त्याचं लग्न ठरलं. हजेरी लावायला याच्यापेक्षा वेगळं काय लागतं? १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, प्रीमियरची कुर्ल्याची फॅक्टरी गेली, लोअर परळला आता लोक मॉलमध्ये जातात. डॉक आहे, रेल्वे आहे, अप्रेंटिसच्या जागा निघतात, पण त्यांच्यासाठी जी झुंबड असते ती बघून पोरं आधीच हात टेकतात. राहिलं काय, तर चाकणला जा, तळोज्याला जा, नाहीतर बीकेसीच्या काचेच्या बिल्डिंगमध्ये कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली मेंटेनन्सचं जॅकेट घाला. अप्रेंटिसशिपला आयटीआयवाल्याला २०१९ च्या नियमांनी महिन्याला किमान ७००० ठरले होते. एसीवाल्याकडे हंगामात रोज गेलं तर याच्या दुप्पट होतात आणि घरी झोपायला मिळतं. पोरं गणितात कच्ची नाहीयेत, मी वर म्हटलंच.

ट्रेनबद्दल जास्त लिहीत नाही, मुंबईकराला काय सांगायचं. पण एक गोष्ट मोठ्यांच्या लक्षात येत नाही ती म्हणजे पास. गैरहजेरीच्या कारणांत पास संपला हे कारण कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतं आणि माझ्या अंदाजाने ते बऱ्यापैकी वर आहे. कन्सेशनचा फॉर्म ऑफिसमधून घ्यायचा, क्लार्क जागेवर पाहिजे, शिक्का पाहिजे, मग तो विंडोवर, आणि तीन महिन्यांचा काढला तर एकदम तेवढे पैसे. महिनाअखेरीला पास संपला की पोरगा पगार होईपर्यंत घरी. विदाऊट आला आणि टीसीने पकडलं तर तिकीट आणि वर २५० दंड. बसने ये म्हणावं तर बेस्टचं कमीत कमी तिकीट मे २०२५ मध्ये ५ चं १० झालं, आणि स्टेशनपासून आमच्याकडे यायला रिक्षा नाहीतर बसच. हे पोरगा कधीच सांगणार नाही हां, पैसे नाहीत हे वर्गात बोलायची लाज वाटते, ताप आला म्हणणं सोपं. एकाला असाच ताप दर तीन महिन्यांनी यायचा तेव्हा माझ्या लक्षात आलं.

पावसाचं तर आहेच, कुर्ला-सायनला पाणी भरलं की मस्टर कोरं. त्या दिवशी जी पोरं तरीही पोहोचतात ती कुठली असतात माहितीय का, बदलापूर-टिटवाळ्याची. पहाटेची पकडून पाणी भरायच्या आधीच आलेली असतात, आणि मग अडकून बसतात संध्याकाळपर्यंत. जवळची घरी.

मुलींचं वेगळं लिहायला पाहिजे खरं तर. आयटीआयमध्ये ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात, त्यामुळे आता फिटरला, इलेक्ट्रिशियनला पण एखाद-दोघी दिसतात, कोपाला बऱ्याच. कोपा म्हणजे कॉम्प्युटरवालं. यातली एक कायम उशिरा. शिफ्ट सुरू व्हायच्या वेळेलाच त्यांच्या वस्तीत पाणी येतं, आई सहाला धुण्याभांड्याच्या कामांना बाहेर पडलेली, वडील नाहीत, भाऊ आहे पण भावाने पाणी भरायचं नसतं हे तर आपल्याकडे ठरलेलंच आहे, त्यामुळे ड्रम भरेपर्यंत ही निघू शकत नाही. पळत पळत येते, तोपर्यंत गेटवर उशीर म्हणून बाहेर. उशीर म्हणजे ॲबसेंट. असं दोन-तीनदा झालं की पोरगी विचार करते, ॲबसेंटच लागणार आहे तर रिक्षाचे पैसे कशाला घालवू, आणि मग ती येतच नाही. डिफॉल्टर लिस्टमध्ये तिचं नाव त्याच फॉन्टमध्ये असतं ज्यात पिक्चरला गेलेल्याचं. इलेक्ट्रिशियनला दोनच मुली होत्या एका बॅचला, त्यातली एक आजारी पडली की दुसरी पण नाही यायची. मी विचारलं तर म्हणाली, मॅडम एकटी कशी बसू वर्कशॉपमध्ये, वॉशरूमला जायचं तरी सोबत लागते. ते वॉशरूम पोरांच्या घोळक्यातून पलीकडे आहे. हे ड्रॉईंग पास करणाऱ्याने बघितलं असतं का नसतं कोण जाणे.

वेल्डरवाल्यांचं एक राहिलं. गॉगल किंवा शील्ड डोळ्यांसमोर धरायच्या आधीच शेजारच्याने आर्क मारला की रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं, पाणी येत राहतं, झोप नाही. घरी बटाट्याच्या चकत्या ठेवतात डोळ्यांवर. दुसऱ्या दिवशी हा पोरगा खरोखर आजारी असतो, आणि नेमकं त्याचं कोणी खरं मानत नाही.

सणवार घ्या. श्रावणात गोविंदाची प्रॅक्टिस रात्री बारा-एकपर्यंत चालते, वरच्या थरांतली बारीक पोरं सकाळी कशी उठणार. गणपतीला कोकणातली पोरं जी जातात ती जातात, त्याला काही इलाज नाही, आणि नसावा असं माझं मत आहे, मी पण जाते.

आता बायोमेट्रिकचं सांगते म्हणजे कळेल की आपण उपाय कुठे शोधतो. हजेरी वाढवायला काय केलं, तर अंगठ्याचं मशीन बसवलं. फिटरची जी पोरं रोज कानस मारतात, किंवा सुट्टीत बापाबरोबर बांधकामावर जातात, त्यांचा अंगठाच मशीन घेत नाही, रेषा घासल्या गेलेल्या असतात. लाल लाइट, परत लाव, लाल लाइट, मागे लाईन लागलेली. जो सगळ्यात जास्त हात चालवतो तो ॲबसेंट. मग तो ऑफिसला अर्ज देतो, आणि अर्ज द्यायला गेला म्हणून पहिला तास बुडतो. ज्याचा अंगठा गुळगुळीत सुंदर आहे तो पंच करून मागच्या गेटने बाहेर.

तर करायचं काय असं तुम्ही विचाराल. मला एवढंच वाटतं की पोरगा जिथे हजर आहे तिथे जरा आपण पण हजर व्हावं. त्याचं बाहेरचं काम चोरून करायचं काम राहू नये, ते आपल्या हिशोबात यावं, त्यावर कोणाचं तरी लक्ष असावं. आता याला सरकारी वाट आहे असं लोक म्हणतील, ड्युअल सिस्टीम आहे ना, थोडे महिने इंडस्ट्रीत, थोडे वर्गात. आहे, पण ती करार करणाऱ्या कंपन्यांसाठी. अप्रेंटिस कायदा १९६१ चा, त्याच्या आताच्या नियमांत ३० किंवा जास्त माणसं असतील तिथे अप्रेंटिस घेणं सक्तीचं, ४ ते २९ असतील तर मर्जी, आणि ४ च्या खाली तर विषयच नाही. आमच्या पोराचा उस्ताद म्हणजे तो स्वतः, त्याचा मेहुणा, एक स्कूटर आणि एक जेट पंप. मुंबईतले एसी ज्या माणसांच्या जिवावर चालतात ती माणसं कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाहीत, मग त्यांच्या हाताखालचा पोरगा कुठून असणार? वायरिंगवाले, प्लंबर, गॅरेजवाले, सगळ्यांचं हेच आहे. मोटार मेकॅनिकची पोरं कुठल्याशा गॅरेजला गाडीखाली झोपलेली असतात तेव्हा आपल्या मस्टरवर नुसता लाल ए.

हे मी एकदा मीटिंगमध्ये बोलले, उभं राहून, तासिकेवाली असून. गटनिदेशक, म्हणजे निदेशकांच्या वरचे साहेब, म्हणाले मॅडम हे पॉलिसी मॅटर आहे. बरोबरच आहे त्यांचं, त्यांच्या हातात तरी काय. पण एसीचे सर काही बोलले नाहीत आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी आपल्या पातळीवर जे करता येईल ते केलं. एप्रिलपुरतं ब्रेझिंग आणि व्हॅक्यूमचं प्रॅक्टिकल सकाळी पहिल्यांदा घ्यायला लागले, आल्या आल्या, म्हणजे जो अकराला कामावर जाणार आहे त्याला निदान ते तरी मिळेल. दुसरं म्हणजे पोरांना सांगितलं, बाहेर जे काम कराल त्याचे फोटो काढून आणा, कुठला गॅस, काय बिघाड, उस्तादाने काय केलं, आपण काय केलं असतं, वहीत लिहा. याला हजेरी मिळणार नाही हे स्पष्ट सांगितलं, पण सरांनी एका उस्तादाला फोन करून चहाला पण बोलावलं. आला तो! वर्कशॉपचा व्हॅक्यूम पंप हाताळून बघितला, कितीला पडतो विचारलं, भाड्याने मिळेल का विचारलं. पोरासमोर मान्य नाही केलं काही, पण विचारलं. आणि दोरी या वेळी कमरेला बांधायची असं सरांनी पवईवाल्या पोराला दम देऊन सांगितलं, त्यावर तो हसला, त्याने बांधली का नाही माहीत नाही.

सकाळच्या प्रॅक्टिकलला पोरं यायला लागलीत, सगळी नाही, पण व्हॅक्यूम पंपाभोवती घोळका दिसतो आता. या नव्या टाइमटेबलमध्ये थिअरी दुपारी गेली, तिथे तीच चार डोकी. माझा तास कुठे बसवायचा यावर बराच काथ्याकूट झाला आणि शेवटी तो साडेदहाला टाकलाय, म्हणजे बरोबर ज्या वेळेला सगळी बॅगा उचलून स्टेशनकडे पळतात. काल एक जण दारातून डोकं आत घालून म्हणाला, मॅडम ते बायोडेटाचं व्हॉट्सॲपला टाका ना, ट्रेनमध्ये वाचतो. टाकलं मी.